दोन बोटांची फट

रविवारी सकाळी साडेनऊला भोईरांच्या अंगणात सहा माणसं फियाटच्या डाव्या दाराभोवती पेपरच्या पट्ट्या धरून उभी होती, आणि आपण काही वेगळं करतोय असं त्यांच्यापैकी एकालाही वाटत नव्हतं. दूधवाल्याला वाटलं. त्याने बाइक थांबवली, दोन मिनिटं बघितलं आणि कोणी हाक मारायच्या आत निघून गेला. जूचंद्रात भोईरांच्या बाबतीत ही काळजी सगळेच घेतात.

"परत सांगतो," प्रितेश म्हणाला. चार दिवसांत त्याने दाढी केली नव्हती आणि ग्रीसच्या वासामुळे आईने त्याचं जेवण ओट्यावर हलवलं होतं. "पट्टी रबर आणि चौकटीच्या मध्ये धरायची. मी दार लावतो. मग ओढायची. सुळकन निघाली तर तिथे फट आहे. अडकली तर दार बसलंय."

"हे तुला कोणी शिकवलं?" विकीने विचारलं. विकी म्हणजे प्रितेशच्या मोठ्या बहिणीचा, हेमांगीचा नवरा. नायगावात त्याची जिम आहे, आणि जिमची जाहिरात तो स्वतःच अंगावर घेऊन हिंडतो.

"पोलंडचे एक आजोबा आहेत. व्हिडिओ टाकतात."

"तुला पोलिश येतं?"

"नाही. पण दार लागलं की ते टाळ्या वाजवतात. तेवढं कळतं."

या दारावर एक अख्खी शेड लटकत होती. खळ्याच्या कडेला हिराजी आजोबांनी उभारलेली भाताची गिरणी बंद पडून नऊ वर्षं झाली होती, आणि रिकाम्या शेडला दोन उमेदवार होते. विकीला तिथे जिमची दुसरी शाखा काढायची होती. प्रितेशला जुन्या गाड्या दुरुस्त करायचं गॅरेज काढायचं होतं. त्यासाठी त्याने अंधेरीची विम्याची नोकरी सोडली आणि ते घरी सांगायला सात आठवडे लावले. त्या सात आठवड्यांत तो रोज डबा घेऊन आठ-बाराच्या लोकलला म्हणून निघायचा आणि शेजारच्या गॉडफ्रेच्या वाडीत बसून डबा खायचा. शेवटी बापाने, म्हणजे शत्रुघ्नने, अट घातली. फियाटचं डावं दार गणपतीच्या आत नीट कर. झालं तर शेड तुझी. नाही तर विकीरावांची.

अट सोपी नव्हती. ही गाडी हिराजींची, जिला लोक डुक्कर फियाट म्हणतात ती. तिच्या डाव्या दाराची खिडकीची चौकट कंबरेतून बाहेर झुकलेली. खाली दार मुकाट बसायचं आणि वर दोन बोटं फट राहायची. त्या फटीतून वारा शिटी मारायचा आणि पाऊस आत यायचा. भोईरांचा गणपती दर वर्षी याच गाडीत, याच डाव्या सीटवर बसून येतो. त्यामुळे देवाच्या डोक्यावर भागूबाई आजी छत्री धरायची. गाडीच्या आत छत्री उघडणारं तालुक्यात दुसरं घर नाही.

हे सगळं गॉडफ्रेच्या म्हशीने केलेलं. निदान हिराजींनी तसं सांगितलं होतं. चौऱ्याण्णव साली म्हशीने गाडीला अंग घासलं आणि चौकट वाकली. तेव्हापासून प्रत्येक गणपतीला गॉडफ्रे केळ्यांचा घड घेऊन दर्शनाला यायचा, आणि पायरीवर पाय ठेवायच्या आत कोणीतरी म्हणायचंच, "बघ रे, तुझ्या म्हशीने काय केलंय."

"ओढा," प्रितेश म्हणाला.

आईची पट्टी अडकली. गॉडफ्रेची अडकली. भागूबाईने आपली पट्टी ओढली नाहीच, नुसती हातात धरून ठेवली आणि "माजी पन अडकली" असं जाहीर केलं. विकीने मात्र जिममध्ये दोरखंड ओढतात तसा पाय रोवला, श्वास घेतला आणि पट्टी ओढली. फाडकन आवाज झाला. अर्धी पट्टी त्याच्या हातात आली, अर्धी दारात राहिली.

"निघाली!" विकी म्हणाला.

"फाटली," हेमांगी म्हणाली. "फाटली म्हणजे अडकली. म्हणजे दार बसलंय."

विकीने बायकोकडे बघितलं. मग हेमांगीच्या लक्षात आलं की ती विकीच्या बाजूने बोलायला आली होती. तिने दोघांनाही शब्द दिला होता. नवऱ्याला अंथरुणावर, भावाला व्हॉट्सॲपवर. दोन्हीकडे "तुझंच होणार" एवढंच म्हटलं होतं, आणि दोन्हीकडे मनापासून.

शेवटची पट्टी शत्रुघ्नची. त्याने सगळ्यात वरचा कोपरा निवडला. नव्व्याण्णव साली हाच कोपरा सरळ करायला त्याने जॅक लावला होता, काच फोडली होती, आणि बापाने तीन दिवस त्याच्याशी अबोला धरला होता. त्याने पट्टी हळूच ओढली. मग जोरात. पट्टी जागची हलली नाही.

"शत्रू, जमलं की पोराला," गॉडफ्रे म्हणाला. गॉडफ्रे शत्रुघ्नला पहिलीपासून शत्रू म्हणतो, त्याच्याइतका जवळचा मित्र दुसरा नाही.

"हं," शत्रुघ्न म्हणाला. त्याला खूप आनंद झाला की तो "हं" म्हणतो. "आता बाप्पाला या दारानं घरी येऊ दे. दार लावून. मग शेडची चावी घे."

"पप्पा, हे आधी ठरलं नव्हतं," विकी म्हणाला.

"आता ठरलं."

"म्हणजे अट वाढली."

"तुमच्याच सोयीची हाय ना, विकीराव? मग गप ऱ्हावा."

*

हरतालिकेच्या दिवशी दुपारी फियाट बोळिंजला निघाली. शत्रुघ्न चालवायला, पुढे मध्ये भागूबाई, तिच्या डावीकडची जागा रिकामी. मागे प्रितेश, हेमांगी, गॉडफ्रे आणि विकी, म्हणजे साधारण पाच जण. हेमांगीचा निर्जळी उपास होता आणि नवऱ्याचा दंड बरगडीत रुतत होता. विकी नालासोपाऱ्यापर्यंत प्रोटीनबद्दल बोलला. तिथे हेमांगीने त्याच्याकडे फक्त बघितलं आणि पुढचा रस्ता शांततेत गेला.

पण काय शांतता होती! तीस वर्षांत पहिल्यांदा फियाटमध्ये बोललेलं ऐकू येत होतं. शिटी नाही, खडखड नाही. वाटेत सर आली. थेंब काचेवर बाहेरच राहिले. भागूबाईने सवयीने छत्रीचं बटण दाबायला अंगठा नेला आणि परत घेतला.

"कसां गुमान झाला," ती म्हणाली. "मना वाटला मी बहिरी झालंय."

प्रितेश मागून चौकट आणि छताच्या मधली रेघ बघत होता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखी. त्याने याच रेघेसाठी आधी रबर बदललं होतं, मग बिजागऱ्यांखाली पातळ पत्रे घातले होते, मग दोन्ही परत काढले होते, आणि चौथ्या दिवशी दाराच्या खालच्या अंगाला लाकडाचा ठोकळा अडकवून वरची चौकट तसूतसूने आत दाबली होती. आयुष्यात त्याने पहिल्यांदाच एखादी गोष्ट पूर्ण केली होती. इंजिनीअरिंगचे दोन विषय अजून तसेच राहिले होते.

दिनानाथ मास्तरांचा गणपतीचा कारखाना म्हणजे त्यांच्या वाडीतली बांबू-ताडपत्रीची मोठी मांडव-शेड. आत दीडशे बाप्पा, प्रत्येकाच्या पाटावर नावाची चिठ्ठी. भोईरांच्या मूर्तीला चिठ्ठी नसते. दर वर्षी एकच साचा, एकच मूर्ती. उंच कमळावर बसलेली, शाडूची, सुपाएवढ्या कानांची. हिराजींनी चौऱ्याण्णव साली ती बघितली आणि त्यानंतर घरात दुसरं रूप आलं नाही.

मास्तरांनी आणि शत्रुघ्नने मूर्ती उचलली. "बाप्पा मोरया" झालं. भागूबाई मध्ये बसलेलीच होती. तिने पाटाची एक कड मांडीला लावून घेतली आणि मूर्ती डाव्या सीटवर अलगद टेकली. प्रितेशने दार धरलं. चार दिवसांची मेहनत, आता फक्त एक आवाज. त्याने दार ढकललं.

"थांब!" मास्तर ओरडले. "कान!"

सगळे थांबले. दार बिजागरीवर डोलत राहिलं. बाप्पाचा डावा कान आणि चौकटीची वरची पट्टी यांच्यामध्ये एका नखाचं अंतर होतं, आणि दार लागायला अजून दोन बोटं बाकी होती.

"अजून थोडं आत सरकवा," शत्रुघ्न म्हणाला.

"आत मी हाय," भागूबाई म्हणाली.

"तू थोडी..."

"मी काय थोडी? तीस वरसां मी मधी बसतंय. इकडं तुजा गियर, तिकडं देव. बारीक कुठून होऊ?"

"काच खाली घेऊ," विकी म्हणाला. "कान बाहेर राहू दे. हवा लागेल."

"भावजी, काच खाली घेतली तरी वरची पट्टी कुठे जाते? कान पट्टीलाच लागतोय."

"मग मागे बसवा. मागे ऐसपैस आहे. मी रिक्षाने येतो." हा त्याग विकीने मनापासून केला होता. मागे त्याच्या पायाला मुंग्या आल्या होत्या.

भागूबाईने मान वळवली. "मागं सायब लोक बसतान. घरचा मानूस पुढं बसतो. ह्यांनी बाप्पाला सबूद दिलाय, पुढं बसवून आनि दार लावून घरी नेईन. उघड्या दारात बसून न्यायला तो काय कंडक्टर हाय?"

मग मास्तर म्हणाले ते वाक्य त्यांनी म्हणायला नको होतं. पण त्यांचे अजून चौदा बाप्पा जायचे होते आणि गेटवर टेम्पो हॉर्न मारत होता. "हे बघा, प्रतिष्ठा उद्या व्हायची. तोवर ही मातीच. मी पॉलिशपेपर मारतो, दोन मिनिटं. कान जरासा..."

भागूबाईने पाट दोन्ही हातांनी धरला.

"कान कापनार?" भागूबाई म्हणाली.

"कापणार नाही हो आजी. घासणार."

"बाप्पाचा?"

"एका बाजूने लहान दिसेल," गॉडफ्रे म्हणाला. "मग दुसराही घासावा लागेल. मग सोंड मोठी दिसायला लागेल. मास्तर, शेवटी उंदीर उरेल."

शत्रुघ्न पहिल्यांदा मास्तरांवर चिडला. "मास्तर, साचा तोच ना? मग या वर्षी कान मोठा कसा झाला?"

"कान तोच आहे. इंचभर इकडे नाही, तिकडे नाही." मास्तरही चिडले. "तुमच्या दाराला काय झालं? वरून दोन बोटं बाहेर असायचं ना ते?"

"ते आम्ही सरळ केलं," प्रितेश म्हणाला.

"कशाला?"

दार सरळ कशाला करायचं, असा प्रश्न कोणी विचारेल अशी माणसाची तयारीच नसते.

"अहो, ते वाकवलेलं होतं," मास्तर म्हणाले. "तुमच्या वडिलांनी. इथेच. या आंब्याखाली गाडी उभी होती. ही मूर्ती बघितली, आवडली, आणि बसेना. मी म्हटलं हिराजीशेठ, लहान घ्या. ते म्हणाले, बाप्पा लहान होणार नाही, गाडी मोठी करतो. गुडघा लावला आणि ओढलं दार. दुपारभर चाललं होतं. दोन वेळा जास्त वाकलं, दोन वेळा परत ठोकलं. एक काच गेली. माझ्या बाबांचा स्टूलही मोडला."

"आणि म्हैस?" गॉडफ्रेने विचारलं.

"कसली म्हैस?"

गॉडफ्रे एका रिकाम्या पाटावर बसला. मग उठला, कारण तो पाट कोणाचा तरी होता. त्याने फोन काढला आणि बायकोला लावला. "सँड्रा, ऐक. म्हैस निर्दोष सुटली... आपली म्हैस... हो, ठाऊक आहे मेली ते... वीस वर्षं झाली, हो... तरी सुटली ना!" त्याने फोन ठेवला तेव्हा त्याचे डोळे पाणावले होते. हेमांगीने त्याचा हात धरला. आपण लहानपणी त्या म्हशीला दगड मारलेत हे तिला आठवत होतं.

शत्रुघ्न आईकडे वळला. "तुला माहीत होतं?"

"मी मधीच बसले व्हते," भागूबाई म्हणाली.

"मग तीस वर्षं बोलली का नाहीस?"

"कोनी इचारला?" ती म्हणाली. "गाडीला नवीन रंग दिला व्हता. ह्ये घरी काय बोलनार, रंगवलेली गाडी मीच मोडली? म्हनून म्हशीचा नाव घेतला. ती काय 'नाय' बोलायला येनार नव्हती."

*

मग हळूहळू सगळ्यांचं लक्ष प्रितेशकडे गेलं. तो दाराजवळ उभा होता, आणि त्याचा हात अजून त्या सरळ चौकटीवर होता.

हिशेब साधा होता आणि वाईट होता. दार सरळ राहिलं तर बाप्पा दार लावून घरी येत नाही. बाप्पा दार लावून घरी आला तर दार सरळ राहत नाही. कसंही वळवा, शेड विकीला जाते. विकीलाही हे उमगलं. त्याने हसू दाबायचा प्रयत्न केला. पण त्याचा चेहरा सोडून बाकी सगळ्या स्नायूंचा व्यायाम झालेला आहे, त्यामुळे हसू तिथे सगळ्यांना दिसलं. हेमांगीलाही.

"विकी," ती हळूच म्हणाली, "मी सकाळपासून पाणीसुद्धा प्यायलेले नाही. तुझ्याचसाठी. जन्मोजन्मी हाच नवरा मिळावा म्हणून. अजून संध्याकाळपर्यंत वेळ आहे, मी विचार बदलू शकते."

विकीचं हसू गेलं.

"पित्या," शत्रुघ्न म्हणाला, "घाई नको. टेम्पो बघू. नाहीतर मूर्तीची..."

"पप्पा, बाप्पाचे कान मला सरळ करता येत नाहीत," प्रितेश म्हणाला. "दार वाकडं करता येतं."

तो हे अगदी सहज म्हणाला. पण हेमांगीला भाऊ दिसत होता. सातवीत त्याने मातीचा किल्ला केला होता आणि पहिलं बक्षीस मिळालं होतं. मग क्रिकेटला जागा हवी म्हणून पोरांनीच तो तुडवायचं ठरवलं, तेव्हा पहिला पाय त्याने स्वतःचा टाकला होता. तेव्हा त्याचं तोंड असंच होतं.

मूर्ती पाटासकट बाहेर काढून ठेवली. प्रितेशने काच पूर्ण खाली घेतली. मास्तरांकडून टॉवेल मागितला. त्याची घडी दाराच्या बाहेरच्या अंगाला, खिडकीच्या जरा खाली लावली, म्हणजे गुडघा तिथे टेकेल आणि पत्र्याला पोचा पडणार नाही.

"आजोबांनी गुडघा कुठे लावला होता?"

मास्तरांनी बोट ठेवलं. प्रितेशचा टॉवेल तिथून चार बोटं पुढे होता. त्याने तो हलवला नाही. "म्हणून दुपारभर लागला त्यांना," तो म्हणाला. "तिथून एकच कोपरा येतो. पूर्ण चौकट येत नाही."

शत्रुघ्नने हे ऐकलं. नव्व्याण्णव साली त्यानेही जॅक नेमका तिथेच लावला होता.

"भावजी, दार धरा. बिजागरीच्या बाजूने. हलता कामा नये."

विकी पुढे आला. आयुष्यभर तो लोखंड उचलायचा आणि तिथेच परत ठेवायचा. आज पहिल्यांदा त्याच्या ताकदीचं काही काम निघालं होतं. त्याने दार असं धरलं की गाडी किंचित त्याच्याकडे आली.

"गाडी नाही. दार."

"सॉरी."

"दोन बोटं म्हणजे कोणाची दोन बोटं?" गॉडफ्रेने विचारलं. प्रश्न बरोबर होता. विकीची दोन बोटं लावली तर वरून मांजर आत आलं असतं.

"ह्यांची बारीक व्हती," भागूबाई म्हणाली आणि स्वतःची दोन बोटं पुढे केली. "माज्यासारखी."

प्रितेशने आजीची बोटं चौकट आणि छताच्या मध्ये धरून बघितली, नखाने एक खूण केली आणि सगळ्यांना मागे सरकायला सांगितलं. "पत्रा थोडा परत येतो. दोनसाठी तीन ओढायची."

त्याने दोन्ही हातांनी चौकटीची वरची पट्टी धरली, गुडघा टॉवेलवर टेकवला, श्वास सोडला आणि ओढली. एकदाच. कुठेतरी आत पत्रा कण्हला. त्याने धरून ठेवलं, मनात काहीतरी मोजलं, मग हात हळूहळू सैल केले. चौकट थोडी परत आली आणि थांबली. भागूबाईने बोटं घातली. बरोबर बसली. मागच्या टोकाला घातली. तिथेही बरोबर. मधेही.

"झाला?" ती म्हणाली.

"झाला."

"ह्यांनी चार खुर्च्या मांडून बगायला मानसा बोलावलेली," भागूबाई म्हणाली. तिच्या नवऱ्याबद्दल ती इतकं वाईट याआधी कधी बोलली नव्हती.

मूर्ती परत आत गेली. दार लागलं. ठक. बाप्पाच्या कानाला वारा लागेल इतकी जागा राहिली. गेटवरच्या टेम्पोवाल्याने काही न कळता टाळ्या वाजवल्या, आणि त्याचे चौदा बाप्पाही "मोरया" म्हणून ओरडले, म्हणजे त्यांच्यासोबतची माणसं.

*

परतीच्या वाटेवर विरार फाट्यापाशी सर आली. शिटी सुरू झाली. थेंब फटीतून आत यायला लागले आणि भागूबाईने छत्री उघडली. तिची एक काडी शत्रुघ्नच्या कानात गेली. तीस वर्षं जाते तशीच.

शत्रुघ्नला हसू आलं. आधी नाकातून, मग सगळीकडून. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तशी त्याने गाडी कडेला घेतली. बाप इतका खोटारडा होता! आपण त्या बापासमोर मान खाली घालून उभे राहिलो, एका काचेसाठी, आणि त्याने स्वतः एक फोडली होती, वर एक स्टूल मोडला होता. तीन दिवस अबोला धरला तो रागाने नव्हे. दार सरळ झालं असतं तर बाप्पा आला नसता, आणि कारण सांगता आलं नसतं.

"काय झाला?" भागूबाईने विचारलं.

"काय नाय, आये. छत्री नीट धर. देव भिजेल."

जूचंद्रला वेशीपाशी पोरांनी ढोल आणले होते. आई दारात भाकरतुकडा ओवाळून टाकायला उभी. हेमांगीच्या रांगोळीत एक कुत्रा झोपला होता, त्याला उठवलं. मूर्ती मखरात बसली. गॉडफ्रेने पायरीवर पाय ठेवला आणि सवयीने थांबला. म्हशीचं नाव कोणी काढलं नाही. त्याने घड ठेवला, कंबर सरळ केली आणि आयुष्यात पहिल्यांदा भोईरांच्या घरात खुर्ची मागून घेतली.

चहा आला. सगळ्यांना ठाऊक होतं की आता काय बोलायचंय. म्हणून सगळे मखराच्या लाइटिंगबद्दल बोलत होते.

शेवटी प्रितेशच म्हणाला. "पप्पा, दार वाकडं आहे. अट दार नीट करायची होती. शेड भावजींना द्या." त्याने बशीतला चहा संपवला. "मी विम्यात विचारतो. घेतील परत."

विकीने घसा साफ केला. अंगणात त्याच्याभोवती मघापासून सात-आठ पोरं जमली होती आणि त्याने दार वाकवल्याची गोष्ट तिसऱ्यांदा सांगून झाली होती. प्रत्येक वेळी "मी धरलं" चं "आम्ही ओढलं" होत गेलं होतं.

"टेक्निकली बघितलं तर," तो म्हणाला, आणि थांबला. हेमांगी बघत होती. पण त्यासाठी तो थांबला नव्हता. "पप्पा, मी रोज शंभर पोरांना वजन उचलताना बघतो. अंगात ताकद असली की माणूस जास्तच ओढतो. हा बरोबर थांबला. मला ते जमलं नसतं. मी आणि पित्या... म्हणजे पित्या आणि मी..." त्याला पुढचं वाक्य सापडेना. "मी गच्चीवर काढतो शाखा. ओपन एअर."

"पावसात?" हेमांगीने विचारलं.

"छत्री आहे ना आजीकडे."

शत्रुघ्नने कप खाली ठेवला. त्याने खिशातून फोन काढला, डोळ्यांपासून हातभर लांब धरला आणि दिनानाथ मास्तरांना लावला.

"हॅलो, मास्तर? पोचलो. कान शाबूत हाय... हो, दोन्ही." त्याने आवाज वाढवला, कारण समोरून टेम्पोचा हॉर्न येत होता. "मास्तर, तुम्ही दुकानांच्या पाट्या पन रंगवता ना? विसर्जन झाल्यावर एक करायची. आठ बाय तीन. आमच्या गिरणीवर लावायला."

प्रितेशने मान वर केली नाही. त्याने रिकामी बशी परत तोंडाला लावली.

"लिहून घ्या. वरती, प्रितेश भोईर. खाली: जुन्या गाड्यांची दारं सरळ करून मिळतील." शत्रुघ्न थांबला. मखराकडे बघितलं. "आनि पुढं लिहा, वाकडी पन."

पलीकडून मास्तर काहीतरी विचारत राहिले.

"नाय नाय, बरोबर ऐकलात," शत्रुघ्न म्हणाला. "वाकडी. ते जरा मोठ्या अक्षरात घ्या."